विश्लेषण : सिस्टिमच्या कंपायलरशेजारी दुसरा, वेगवान कंपायलर कशासाठी? फायदा किती, धोका कोणता?

विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११च्या अटींत न बसणारे, पण अजून ठणठणीत चालणारे कितीतरी कॉम्प्युटर घरांत, दुकानांत आणि शाळांत आहेत. त्यांच्यासाठी ‘लिनक्स टाका’ हा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. त्याच महिन्यात लिनक्सच्या जगात आणखी एक हालचाल झाली. उबुंटू २५.१० या आवृत्तीसाठी, नव्या प्रोसेसरांकरिता खास कंपाइल केलेल्या प्रोग्रामांचा वेगळा संच उपलब्ध झाला. मात्र तो नेहमीच्या संचाच्या जागी आला नाही, शेजारी आला. ज्याला हवा त्याने घ्यावा, बाकीच्यांचे आहे तसेच चालू राहील. ही सावधगिरी कशासाठी? त्याचे उत्तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या, पेंटियमच्या काळातल्या एका प्रयोगात सापडते.

कंपायलर म्हणजे नेमके काय?

सी, सी++ अशा भाषांत लिहिलेला मूळ कोड प्रोसेसरला थेट समजत नाही. त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या सूचना कळतात : हा आकडा उचल, त्यात तो मिळव, उत्तर तिथे ठेव. मूळ कोडचे या सूचनांत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ऑल्ट-एफ९ दाबलेल्यांना हे काम आठवत असेल.

लिनक्समध्ये हे काम प्रामुख्याने जीसीसी हा कंपायलर करतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केला. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल, त्यावरच्या लायब्ररी आणि रोजचे प्रोग्राम एका ठरावीक कंपायलरने तयार करून, तपासून आपल्याकडे येतात. सिस्टिमबरोबर येणाऱ्या या कंपायलरला ‘सिस्टिम डिफॉल्ट’ म्हणतात. घराच्या पायासारखेच त्याचे असते. तो रोज दिसत नाही, पण सगळे त्यावर उभे असते.

कोड एकच, मग प्रोसेसरनुसार फरक कशाला?

इंटेलचा पेंटियम मार्च १९९३ मध्ये आला. त्याच्या आधीच्या ४८६ प्रोसेसरमध्ये सूचना एकामागून एक एकाच रांगेतून जात. पेंटियममध्ये अशा दोन रांगा होत्या. दोन बर्नरची शेगडी डोळ्यासमोर आणा. एका बर्नरवर काहीही शिजते, दुसऱ्यावर फक्त साधे पदार्थ. शिवाय अट अशी की, पहिल्या पातेल्यातला पदार्थ दुसऱ्यासाठी लागणार असेल, तर दोन्ही एकदम चढवता येत नाहीत. वरण शिजल्याशिवाय त्याला फोडणी देता येत नाही, तसेच.

कोणत्या दोन सूचना जोडीने जातील हे पेंटियम स्वतः ठरवत नसे. आलेल्या क्रमात जोडी जुळली तर ठीक, नाहीतर दुसरी रांग रिकामी. म्हणजे जोड्या लावण्याचे काम कंपायलरचे. नोव्हेंबर १९९५ मध्ये आलेल्या जीसीसी २.७.२ला मात्र इंटेलच्या घराण्यातले ३८६ आणि ४८६ हे दोनच ठाऊक होते. पेंटियम बाजारात येऊन अडीच वर्षे झाली होती. लोकांनी पैसे मोजून दोन बर्नरची शेगडी घेतली आणि स्वयंपाक मात्र एकाच बर्नरवर चालला, अशी ती अवस्था होती.

पीजीसीसी कसा आला?

ही उणीव भरून काढण्यासाठी जीसीसीत पेंटियमला साजेसे बदल करण्यात आले. त्याची सुरुवात इंटेलच्या इंजिनीअरांच्या कामातून झाली. पुढे ‘पेंटियम कंपायलर ग्रुप’ या नावाने स्वयंसेवकांनी ते चालवले आणि मार्क लेहमान यांनी त्याची देखभाल केली. त्यातून जे तयार झाले ते पीजीसीसी. तो मुळापासून वेगळा कंपायलर नव्हता. जीसीसीच्या कोडवर पॅच, म्हणजे बदलांचे ठिगळ लावून तो तयार होई.

जीसीसीत ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे कोड वेगवान करण्याच्या पायऱ्या असतात. नेहमीची पायरी ‘ओ-टू’, सगळ्यात वरची ‘ओ-थ्री’. पीजीसीसीने ही शिडी ‘ओ-सिक्स’पर्यंत नेली. वर चढावे तसे कंपायलर अधिक धाडसी फेरफार करी. नव्या कॉम्प्युटरमधून पूर्ण वेग काढू पाहणाऱ्यांना याचे आकर्षण वाटणे साहजिकच होते.

याच सुमारास जीसीसीच्या मुख्य गटाचे काम संथ चालल्याची तक्रार वाढली होती. १९९७ मध्ये काही डेव्हलपरांनी ईजीसीएस नावाची वेगळी, प्रयोगशील शाखा काढली आणि डिसेंबर १९९७ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली. पीजीसीसीचे पॅच पुढे याच शाखेवर लागू लागले. म्हणजे एका प्रयोगावर दुसरा प्रयोग.

मग जुना काढून हाच का बसवायचा नाही?

कारण कंपायलरची चूक इतर प्रोग्रामांच्या चुकीसारखी नसते. फोटोच्या अ‍ॅपमध्ये दोष असेल तर फोटो बिघडेल. कंपायलरमध्ये दोष असेल तर त्यातून तयार झालेला कोणताही प्रोग्राम बिघडू शकतो आणि त्या प्रोग्रामच्या मूळ कोडमध्ये मात्र काहीच चुकीचे दिसत नाही.

या चुका साधारण चार प्रकारच्या असतात. पहिली, कंपायलर स्वतःच मध्येच बंद पडतो. ही सगळ्यात बरी, कारण ती लगेच कळते. दुसरी, तयार झालेल्या प्रोग्राममध्ये आपल्या प्रोसेसरला न कळणारी सूचना असते आणि ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश देऊन तो थांबतो. तिसरी, नव्या कंपायलरचा प्रोग्राम जुन्या कंपायलरने बनवलेल्या लायब्ररीशी जुळत नाही. सी++मध्ये हे विशेष घडते, कारण त्या काळात फंक्शनची अंतर्गत नावे आणि वस्तूंची मेमरीतली मांडणी कंपायलरच्या आवृत्तीनुसार बदलत असे.

चौथी चूक सगळ्यात वाईट. प्रोग्राम चालतो, कुरकुर करत नाही आणि चुकीचे उत्तर देतो. कर्नलमध्ये असे झाले तर डिस्कवरच्या फाइल खराब होऊ शकतात. म्हणूनच कर्नलचे डेव्हलपर याबाबत अतिशय जपून असत. २००१ मध्ये आलेल्या कर्नल २.४च्या कागदपत्रांत कोणता कंपायलर वापरावा हे नेमके सांगितले होते आणि ‘ओ-टू’च्या वरची पायरी वापरणे शहाणपणाचे नसेल, असा इशाराही होता.

शेजारी शेजारी ठेवतात ते कसे?

यासाठी फार मोठी युक्ती लागत नाही. डिफॉल्ट कंपायलर सिस्टिमच्या ठरलेल्या फोल्डरमध्ये असतो. प्रयोगाचा कंपायलर त्याला हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये बसवतात. लिनक्समध्ये त्यासाठी ‘/यूएसआर/लोकल’ आणि ‘/ऑप्ट’ या जागा प्रचलित आहेत. नावही वेगळे ठेवले की घोळ होत नाही. एखादा प्रोग्राम तयार करताना ‘या वेळी तो दुसरा कंपायलर वापर’ एवढेच सांगायचे. बाकी सगळे पूर्ववत. पटले नाही तर तो फोल्डर काढून टाकला की झाले.

याचा एक मोठा फायदा सहसा लक्षात येत नाही. दोन कंपायलर हाताशी असले की त्यांची उलटतपासणी घेता येते. एकच मूळ कोड दोघांकडून कंपाइल करून घ्यायचा, दोन्ही प्रोग्रामांना तीच माहिती द्यायची आणि उत्तरे ताडून पाहायची. फरक पडला तर शोध सुरू करायचा. जुना कंपायलर काढून टाकला असेल, तर तुलनेला काही उरतच नाही.

जीसीसी स्वतःला तयार करतानाही असेच करतो. आधीचा कंपायलर नव्या जीसीसीला कंपाइल करतो. तो नवा जीसीसी पुन्हा स्वतःलाच कंपाइल करतो आणि त्यातून निघालेला आणखी एकदा. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतले निकाल तंतोतंत सारखे आले नाहीत, तर काहीतरी बिनसले आहे असे समजतात.

उत्तरांतला प्रत्येक फरक म्हणजे चूकच, असे मात्र नाही. दशांश अपूर्णांकांच्या गणितात प्रत्येक पायरीला थोडे राउंडिंग होते. बेरजांचा क्रम बदलला, किंवा गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत झाली, की शेवटचे काही आकडे बदलू शकतात. किती फरक चालेल, हे काम करणाऱ्याने आधी ठरवायला हवे.

प्रयोगालाच डिफॉल्ट केले तर काय होते?

सप्टेंबर २०००मध्ये रेड हॅट लिनक्स ७ आले. त्यात डिफॉल्ट म्हणून ‘जीसीसी २.९६’ दिला होता. प्रत्यक्षात जीसीसीच्या गटाने अशी आवृत्ती प्रसिद्धच केली नव्हती. विकास चालू असतानाचा कोड घेऊन, त्यात आपल्या दुरुस्त्या करून रेड हॅटने ती तयार केली होती. यात सी++चा आधार जुन्या आवृत्तीपेक्षा सुधारलेला होता, म्हणजे कंपनीकडे कारण नव्हते असे नाही.

पण अडचणी उभ्या राहिल्या. या कंपायलरने बनवलेले सी++ प्रोग्राम आधीच्या २.९५शी जुळत नव्हते आणि येणाऱ्या ३.०शीही जुळणार नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीला ‘२.९६ नावाची आमची कोणतीही अधिकृत आवृत्ती नाही’ असे जाहीर करावे लागले. पुढे गोंधळ नको म्हणून त्यांनी चालू कामाचा क्रमांक २.९७ केला.

यातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे, त्याच रेड हॅट ७मध्ये ‘केजीसीसी’ नावाचा दुसरा कंपायलरही होता. तो म्हणजे जुना, तावून सुलाखून निघालेला ईजीसीएस १.१.२. तो खास कर्नल कंपाइल करण्यासाठी दिला होता. डिफॉल्ट नवा ठेवला, तरी सिस्टिमच्या गाभ्यासाठी जुनाच शेजारी ठेवावा लागला.

पीजीसीसीचे पुढे काय झाले?

त्याची वेगळी गरज उरली नाही. एप्रिल १९९९ मध्ये ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसीचा दर्जा मिळाला आणि जुलै १९९९ मध्ये दोन्ही प्रवाहांची एकत्रित २.९५ आवृत्ती आली. नव्या प्रोसेसरांची जाण मुख्य कंपायलरमध्येच येत गेली. जो प्रयोग शेजारी सिद्ध झाला, तो रीतसर घरात आला.

दुसरीकडे हार्डवेअरही बदलले. पेंटियम प्रो आणि नंतरच्या पेंटियम टूमध्ये सूचनांचा क्रम प्रोसेसर स्वतःच जुळवून घेऊ लागला. कंपायलरने एकेक जोडी लावून देण्याचे महत्त्व कमी झाले. एका विशिष्ट प्रोसेसरसाठी घेतलेल्या मेहनतीचे आयुष्य त्या प्रोसेसरइतकेच असते, हेही यातून दिसले.

आज फायदा किती?

आज प्रश्न क्रमाचा कमी आणि नव्या सूचनांचा जास्त आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. फक्त क्रम बदललेला प्रोग्राम जुन्या प्रोसेसरवर चालतो, कदाचित थोडा संथ. नव्या सूचना वापरणारा प्रोग्राम तिथे चालतच नाही.

इंटेल आणि एएमडीच्या ६४ बिट प्रोसेसरांसाठी २०२० मध्ये चार पातळ्या ठरल्या. तिसऱ्या, म्हणजे ‘व्ही-३’ पातळीत एव्हीएक्स-२ या सूचना येतात. त्यांच्यामुळे ३२ बिटांचे आठ आकडे एका सूचनेत हाताळता येतात. इंटेलने त्या २०१३ मध्ये आणल्या, तर एएमडीच्या रायझनमध्ये त्या २०१७ पासून आहेत. पण २०१३ नंतरही पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त मालिकांतल्या अनेक प्रोसेसरांत त्या नव्हत्या. म्हणजे खरेदीचे वर्ष पाहून निष्कर्ष काढता येत नाही.

उबुंटूचा नवा संच याच व्ही-३ पातळीचा आहे. उबुंटूने स्वतःच सांगितल्यानुसार बहुतेक प्रोग्रामांत वाढ साधारण एक टक्का आहे आणि आकडेमोडीच्या प्रोग्रामांत त्याहून अधिक. हा आकडा निराश करणारा वाटेल, पण कारण सोपे आहे. आपले बरेचसे प्रोग्राम बहुतांश वेळ डिस्कची, इंटरनेटची किंवा आपल्या बोटांची वाट पाहण्यात घालवतात. तिथे कंपायलर काय करणार? ज्यांना खरोखर वेग लागतो, त्या एफएफएमपेगसारख्या व्हिडीओच्या प्रोग्रामांत वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीचे तुकडे आधीपासूनच असतात. प्रोग्राम सुरू होताना प्रोसेसर ओळखून योग्य तो तुकडा निवडला जातो.

रेड हॅटने मात्र वेगळी वाट धरली. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या एंटरप्राइझ लिनक्स १०साठी इंटेल-एएमडी मशीनवर व्ही-३ ही किमान अट आहे. त्या पातळीखालच्या मशीनवर ते चालणार नाही. कंपन्यांच्या सर्व्हरसाठी हे ठीक असेल. घरच्या जुन्या पीसीसाठी हाच निर्णय म्हणजे दार बंद होणे.

मग ही मेहनत कुणासाठी?

ज्यांचा कॉम्प्युटर तासन्‌तास फक्त आकडेमोड करतो त्यांच्यासाठी. पुण्यात १९८८ पासून सी-डॅक आहे आणि १९९१ मध्ये तिथेच परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘अर्क’ कार्यान्वित झाला. हवामानाच्या गणितात थोड्या टक्क्यांची बचत म्हणजे मशीनचे कितीतरी तास आणि बरीच वीज.

म्हणूनच सुपरकॉम्प्युटरवर एकापेक्षा अधिक कंपायलर शेजारी शेजारी ठेवण्याची जगभर रीत आहे. सिस्टिमचा जीसीसी असतोच. त्याच्या जोडीला इंटेलचा किंवा एएमडीचा स्वतःचा कंपायलरही ठेवता येतो. एएमडीचा एओसीसी हा एलएलव्हीएमवर आधारलेला असून तो वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो. संशोधक ‘मॉड्यूल’ या आज्ञेने आपल्या कामापुरता हवा तो निवडतो. शेजारच्या संशोधकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आपल्या फोनमध्ये हे कुठे दिसते?

काही वर्षांपूर्वी अपडेटनंतर अँड्रॉइड फोन सुरू होताना ‘अमुक इतक्यांपैकी इतकी अ‍ॅप ऑप्टिमाइझ होत आहेत’ असे दाखवून ताटकळत ठेवायचा. तेव्हा फोन हेच काम करत असे. अँड्रॉइड ५.०पासून अ‍ॅपचा कोड त्या फोनच्या प्रोसेसरसाठी फोनवरच आधी कंपाइल होऊ लागला. सगळे एकदम करण्यात वेळ आणि जागा दोन्ही जात. २०१६च्या अँड्रॉइड ७.०पासून पद्धत बदलली. अ‍ॅप आधी साध्या पद्धतीने चालू होते. कोणता भाग वारंवार लागतो हे पाहिले जाते आणि फोन चार्जिंगला असून वापरात नसताना तेवढाच भाग कंपाइल केला जातो. वेगाची सोय नंतर येते, पण साधी, भरवशाची वाट कायम उघडी असते.

जुन्या पीसीवर लिनक्स टाकणाऱ्यांनी काय पाहावे?

* आधी प्रोसेसर पाहा. लिनक्समध्ये टर्मिनलवर ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली की प्रोसेसरला कोणत्या सूचना कळतात त्याची यादी येते. एव्हीएक्स-२ त्यात नसेल तर व्ही-३चा संच आपल्यासाठी नाही.
* नेहमीचा, सर्वसाधारण संच निवडण्यात कमीपणा नाही. जुन्या मशीनला रॅम वाढवणे आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे याने सहसा जास्त फरक पडतो.
* व्ही-३चा संच घातलेली डिस्क काढून जुन्या मशीनला लावली तर ती चालणार नाही. उबुंटूनेही हा इशारा दिला आहे. मशीन बिघडल्यावर डिस्क दुसऱ्या पीसीला लावून काम चालवणाऱ्या दुकानांनी आणि शाळांनी हे ध्यानात ठेवावे.
* वेगळा कंपायलर वापरून पाहायचाच असेल तर तो वेगळ्या फोल्डरमध्ये, एकेका प्रोग्रामपुरता वापरा. सिस्टिमचा कंपायलर काढू नका, बदलू नका.
* वेग मोजण्याआधी उत्तर तपासा. दोन्ही कंपायलरांच्या प्रोग्रामांना तीच माहिती देऊन निकाल ताडून पाहा.

पेंटियमच्या काळात पीजीसीसी वापरणाऱ्या जाणत्यांची रीत हीच होती. प्रयोग त्यांनी मनसोक्त केले, पण कर्नल कंपाइल करायची वेळ आली की हात जुन्या कंपायलरकडे जात असे. उबुंटूने नवा संच शेजारी ठेवला, तो याच शहाणपणातून. त्यामुळे ज्याच्याकडे २०२५चा लॅपटॉप आहे त्याला वेग मिळतो आणि ज्याच्याकडे बारा वर्षांपूर्वीचा पीसी आहे त्याचेही काम अडत नाही.